पाहुण्यांची कोरी बाजू

मुखेडकर सरांच्या शर्टाच्या खिशात पेन असे, चष्म्याचं घर असे आणि एक मेलेला इंग्रजी शब्द असे. मेलेला हे माझं म्हणणं. ते स्वतः त्याला पाहुणा म्हणत. सकाळी स्टाफरूममध्ये आले की छत्री खुंटीला लावत, पत्त्याएवढं एक कार्ड खिशातून काढून माझ्यासमोर ठेवत आणि म्हणत, "देशमुखबाई, आजचा पाहुणा." मी पेपरातून मान न काढता म्हणे, "बसवा त्याला सर, चहा येऊ लाला."

मी गणिताची. शब्दांचं मला कधीच कौतुक नव्हतं. सातवीतल्या पोरांना व्यस्त प्रमाण समजावून सांगता सांगता घसा कोरडा पडायचा, त्यात इंग्लंडातल्या लोकांनी तीनशे वर्षांपूर्वी कशाला काय म्हटलं याच्याशी मला काय देणंघेणं? पण स्टाफरूममध्ये आमचं टेबल एक होतं आणि ते वीस वर्षं एकच राहिलं. त्यामुळे इच्छा नसताना मला 'स्लगअबेड' माहीत झाला. उन्हं वर आली तरी अंथरुणात लोळत पडणारा माणूस. सरांनी त्याच्यासमोर 'सूर्यवंशी' लिहिलं होतं आणि हा शब्द त्यांना आमच्या शिपायानं दिला होता, शाळेच्या सेक्रेटरीविषयी बोलताना. 'क्विडनंक' म्हणजे येता-जाता काय नवीन, काय नवीन म्हणून नाक खुपसणारा. मराठीत भोचक. हा मात्र मी दिला होता आणि तोही सरांनाच उद्देशून. ते इतके खूश झाले की माझ्या रागाचं सगळं पाणी झालं.

आमची शाळा हैदराबादच्या जामबागेत, मराठी माध्यमाची. मी लागले तेव्हा एकेका इयत्तेच्या तीन तीन तुकड्या होत्या. नव्वदीनंतर बघता बघता गल्लोगल्ली इंग्रजी शाळा आल्या, टाय बांधलेली पोरं रिक्षांतून जाऊ लागली आणि आमची बाकं रिकामी व्हायला लागली. गंमत अशी की ज्या इंग्रजीसाठी लोक पोरं काढून नेत होते, ती इंग्रजी शहरात मुखेडकर सरांइतकी क्वचितच कोणाला येत असेल. पण त्यांचा शर्ट पँटीच्या बाहेर, पायांत रबरी चपला आणि बोलणं सगळं नांदेडकडचं. त्यांना बघून कोणालाही वाटलं नाही की इथं इंग्रजी मिळते.

हेडमास्तरांनी एकदा फळ्यावर इंग्रजीत नोटीस लावली, की द डे आफ्टर टुमॉरो शाळेला सुट्टी आहे. सरांनी लाल पेन्सिलीनं ते चारही शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'ओव्हरमॉरो'. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, इंग्रजाजवळ परवासाठी एक शब्द होता. चांगला धडधाकट होता. त्यानं तो टाकून दिला आणि आता चार शब्द ओढत बसलाय. आपल्याजवळ परवा आहे, तेरवा आहे. आपण टाकू नये, एवढंच म्हणणं आहे." हेडमास्तर म्हणाले, "मुखेडकर, तुम्ही सुट्टीच्या दिवशी घरी बसा, आणि इतर दिवशीही थोडं गप्प बसा." सर बाहेर येऊन मला म्हणाले, "ओव्हरमॉरो आज एकाच्या तोंडी तरी गेला. हेडमास्तरांनी दोनदा म्हटला, रागानं का होईना."

पाहुण्यांची कार्डं सर लग्नपत्रिकांची करत. आमच्या हैदराबादेत पत्रिका जाडजूड, एकेकीतून चार कार्डं निघतात. लग्नसराई संपली की ते ओळखीच्या मराठी घरांतून जुन्या पत्रिका गोळा करत, कात्रीनं कापत आणि कोऱ्या बाजूवर निळ्या-काळ्या शाईनं इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ लिहीत. अक्षर बघत राहावं असं. मागची बाजू छापील. तिथं गणपतीचा पाय, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', नवरानवरीची अर्धी नावं, आणि त्या गर्दीत जागा सापडेल तिथं बारीक अक्षरात मराठी शब्द. मी एकदा म्हटलं, "सर, मराठी अशी कोपऱ्यात कोंबता, एवढी कागदाची टंचाई आहे का?" तर म्हणाले, "इंग्रजी पाहुणी आहे बाई, तिला कोरी बाजू दिली पाहिजे. मराठी घरचीच. घरच्या माणसाला थोडं अडचणीत बसवलं तरी राग येत नसतो."

मराठी शब्द लिहिण्याचा त्यांचा एक कायदा होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. कोशातून उचललेला शब्द चालत नसे. जित्या माणसानं तो त्यांच्यासमोर उच्चारला पाहिजे आणि तोही न सुचवता. सर फक्त वस्तू सांगत, प्रसंग सांगत आणि गप्प बसत. समोरच्यानं शब्द दिला की त्याच कार्डावर त्याची सही घेत, लिहिता येत नसेल तर अंगठा. त्याला ते साक्षीदार म्हणत. साक्षीदार वारला की त्याचं कार्ड शोधून नावाआधी 'कै.' लिहीत. ज्या पाहुण्याला मराठी मिळालेली नसे तो वेगळ्या डब्यात, त्या डब्याचं नाव धर्मशाळा.

त्या धर्मशाळेत 'लिचगेट' कितीतरी वर्षं पडून होता. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी छपराचं दार असतं, दफनाला आणलेलं प्रेत तिथं थोडा वेळ टेकवतात, ते हे दार. हेडमास्तर वारले तेव्हा आम्ही सगळे घाटावर निघालो होतो. वाटेत एक वयस्कर नातेवाईक पुढून म्हणाले, "थांबा, विसावा द्या." तिरडी खाली ठेवली. मी सरांकडे बघितलं तर त्यांचा हात खिशाकडे गेलेला. मी डोळे मोठे केले तेव्हा हात खाली आला. पण तिसऱ्या दिवशी सर राख सावडायला गेले आणि त्या नातेवाइकाची सही घेऊन आले. मी म्हटलं, "लाज नाही वाटली?" म्हणाले, "वाटली. पण ते काका पुण्याला परत चालले होते."

मी अंबरपेठेत राहायची, आई आणि मी. आमच्या गल्लीत गणपतराव म्हणून एक म्हातारे होते, उदगीरकडची शेती विकून मुलाच्या नोकरीमागं आलेले. गच्चीवर डालड्याच्या डब्यांत मेथी लावून दिवस काढायचे. त्यांचा नातू आमच्या शाळेत होता आणि मुलगा त्याला काढून इंग्रजी शाळेत घालणार होता. त्याला समजवायला मी गेले, सरांनाही सोबत नेलं, इंग्रजीचे शिक्षक म्हणून वजन पडेल या आशेनं. मी मुलाशी डोकं फोडत होते आणि सर तिथंच गच्चीवर गणपतरावांना विचारत होते, "पहिलं पीक कापून नेलं, आन् बुडख्यातून परत फुटू लालं, तर त्याला काय म्हणताव काका?"

"खोडवा. कैकू?"

"इंग्रज लोक गवताचं असं करायचे. त्याला आफ्टरमॅथ म्हणायचे. आता ते विसरले. आता कुठं दंगा झाला, पूर आला, की मागं जे उरतं त्याला म्हणतात."

गणपतरावांनी डब्यातली मेथी बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, "मग चुकलं काय त्यात? आमचाबी तोच खोडवा हाय इथं." आणि सही केली. नातू शाळेतून गेला तो गेलाच. त्या दिवशी आम्हाला मिळाला तो एवढा खोडवा.

तिथून परतताना सर आमच्याकडे चहाला थांबले आणि आईला बघून त्यांना आणखी एक पाहुणा आठवला. 'किसिंग क्रस्ट'. भट्टीत पाव फुगताना शेजारच्या पावाला जिथं चिकटतो तिथं त्याला आच लागत नाही, तेवढी कड पांढरी आणि मऊ राहते. त्या कडेचं ते नाव. सरांनी नावाचा अर्थ सांगितल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली. मग सरांनी विचारलं, "माय, दोन भाकरी चुलीतल्या आराला लावल्या आन् एकमेकीला टेकल्या, तर तेवढी जागा कच्ची राहती नं? त्याला तुमच्याकडं काय नाव?"

आईनं लगेच सांगितलं, जराही न अडखळता. मी आतल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते, दार उघडं होतं. तिचा आवाज मला ऐकू आला, सरांचं "वा, वा" ऐकू आलं. शब्द कानावर पडलाच असणार. मी एका मुलानं वर्तुळाच्या क्षेत्रफळात केलेली चूक शोधत होते.

आईनं वाकड्यातिकड्या अक्षरात 'गयाबाई' असं लिहिलं. एवढंच तिला लिहिता यायचं, आणि ते लिहायची वेळ तिच्यावर फार वर्षांत आली नव्हती. रात्री जेवताना म्हणाली, "मास्तर माझं नाव पुस्तकात घालणार म्हणे?" मी म्हटलं, "घालतील." पुढे ती दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायची, "पुस्तक आलं का गं?" मी सरांना तसं सांगायची आणि सर खाली बघायचे. कारण पुस्तक कोणी छापत नव्हतं. पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यांनी नमुन्याची पन्नास पानं पाठवली होती, तर पोस्टकार्ड आलं. इंग्रजीतले मेलेले आणि मराठीतले मरायला टेकलेले शब्द एकाच पुस्तकात कोण विकत घेणार, असं त्यात विचारलं होतं. सरांनी ते कार्ड मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "प्रश्न रास्त आहे." दोन वर्षांनी आई गेली. सरांनी बाराव्याला आमच्याकडे जेवताना विचारलं नाही, पण मला कळलं की घरी जाऊन ते डबा उघडणार आणि 'कै.' लिहिणार.

त्यांची स्वतःची बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन नांदेडला होती. चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत ते एकटे राहायचे, आणि निवृत्त झाल्यावर त्या खोल्यांत कार्डांचे पत्र्याचे अकरा डबे आणि ते, एवढंच उरलं. ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच वर्षी पाचवीची तुकडी बंद झाली, तेव्हा निरोपाच्या भाषणात कोणाविषयी वाईट वाटून घ्यावं हेच कोणाला कळेना.

त्याच सुमारास मला बसमधून चिक्कडपल्लीच्या रस्त्यावर ती पाटी दिसली. मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लास निघाला होता. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांना एक परीक्षा द्यावी लागे आणि तिच्यात म्हणे इंग्रजीतले असले शब्द विचारत, जे इंग्रजांनाही येत नाहीत. मी सरांना म्हटलं, "सर, तुमच्या पाहुण्यांना गिऱ्हाईक आलं." मी सांगितलं म्हणून ते गेले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

क्लासचे मालक प्रसाद गारू, म्हणजे आपल्याकडचे प्रसादराव. भला माणूस, सदा घाईत. त्यांनी सरांना दहा मिनिटं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात सर शाळेत पेढे घेऊन आले. "देशमुखबाई, साठ पोरं आहेत. मी शब्द बोललो की साठच्या साठ वहीत उतरवू लालेत. जन्मात असं झालं नव्हतं." त्यांनी शर्ट आत खोचला होता आणि बूट घेतले होते.

दुसऱ्या महिन्यात पेढे नव्हते. आफ्टरमॅथ आला तेव्हा सरांनी उत्साहानं गवत, विळा, खोडवा, गणपतराव असं सगळं सुरू केलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. नम्रपणे उठला, हे सरांनी मला दोनदा सांगितलं. "सार, स्टोरी वद्दु. मीनिंग चालु." गोष्ट नको, अर्थ पुरे. सरांनी फळ्यावर एका शब्दात अर्थ लिहिला आणि पुढचा शब्द घेतला. पुढे एकदा तोच मुलगा बसस्टॉपवर भेटला, सरांच्या पाया पडला, व्हिसा आला म्हणाला. सरांनी हौसेनं एक शब्द विचारला. तो हसून म्हणाला, "वो सब परीक्षा के बाद भूल गया सार." सर मला म्हणाले, "पाहुणे एका रात्रीसाठी लॉजवर उतरतात तसे उतरले. उतरले तर खरं."

तरीही ते जात राहिले. कारण प्रसाद गारूंनी पुस्तकाचं नाव काढलं होतं. "आपके कार्डां दे देव सर. पहले इंग्लिश का बुकलेट बनाके बच्चों को देतूं, झेरॉक्स. उसके बाद पूरा बुक, मराठी के साथ, प्रेस में. मेरा जिम्मा." सर त्या दिवशी माझ्याकडे आले आणि कार्डांवरची नावं मोजल्यासारखं बोलत राहिले. किती साक्षीदार गेले, किती राहिले. "जे राहिलेत त्यांच्या हातात पुस्तक पडलं पाहिजे बाई. एवढं झालं की माझं काही म्हणणं नाही." गयाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

डबे पोचवायच्या दिवशी त्यांना ताप भरला. ते काम मी अंगावर घेतलं. त्याच दिवशी शाळेत पोरं मोजायला खात्याचे लोक येणार होते. पट भरला नाही तर सहावीही बंद होणार होती आणि दोन गैरहजर पोरांना मला घरून उचलून न्यायचं होतं. मी अकरा डबे ऑटोत घालून क्लासवर आणले. काउंटरवर पद्मा म्हणून एक मुलगी होती, नोंदणी आणि झेरॉक्सचं सगळं तीच बघायची. तिनं एक डबा उघडला, एक कार्ड काढलं, उलटसुलट करून बघितलं.

"मेडम, ये पीछे क्या है? कुछ हिंदी में है."

ऑटो खाली उभा होता. मी जिना उतरता उतरता म्हटलं, "वो शादी के पुराने कार्डां है जी. सर उसीके बनाते."

मी खोटं बोलले नाही. पण त्या मागच्या बाजूला काय आहे ते हैदराबाद शहरात सरांखालोखाल मला माहीत होतं, आणि सांगायला आणखी एक वाक्य लागलं असतं. पोरं वेळेवर पोचली. सहावी वाचली, एक वर्ष.

आठ-दहा दिवसांनी सरांना बरं वाटल्यावर आम्ही दोघं क्लासवर गेलो. पद्मा हसत आत गेली आणि दोन्ही हातांवर फायली घेऊन आली. फुलस्केप कागद, प्रत्येकावर दहा कार्डं, वर्णानुक्रमानं, पट्टी लावल्यासारखी सरळ. झेरॉक्स काढताना हलू नयेत म्हणून तिनं ती चिकटवली होती. इंग्रजी बाजू वर. सगळीच्या सगळी. रविवारी घरी नेऊन आईला आणि बहिणीला हाताशी घेऊन तिनं ते काम संपवलं होतं, वरून लाटणं फिरवलं होतं.

सरांनी पहिली फाईल उघडली. एक पान उलटलं, कागदाची मागची बाजू बघितली. ती कोरी होती. एका कार्डाचा कोपरा नखानं उचलायला बघितला. उचलला गेला नाही.

"चिपकाने की खळ काहे की बनाए बेटा?"

"मैदे की सर. उसमें थोड़ा नीलाथोथा बी डाली, कीड़ा नै लगना करके." नीलाथोथा म्हणजे मोरचूद.

सरांनी फाईल मिटली. "बहुत अच्छा चिपकाया," ते म्हणाले. "बहुत मेहनत किए तुम." पद्माचा चेहरा खुलला. ती चहा सांगायला खाली गेली. मला वाटलं सर आता माझ्याकडे बघतील, पण ते फाईलवर हात ठेवून बसून राहिले आणि चहा आला तो त्यांनी प्यायला.

बुकलेट निघालं. पोरांनी नेलं. प्रसाद गारूंना सरांनी एवढंच सांगितलं की मूळ कार्डं मला परत पाहिजेत, आणि त्या फायली घरी आणल्या. मग महिनाभर आम्ही काय काय केलं. ओलं फडकं ठेवून बघितलं, चहाच्या किटलीची वाफ देऊन बघितली. कार्ड सुटायचं, पण मागची शाई खळीत उतरलेली असायची आणि उरलेला निळा डाग पाण्याबरोबर पसरायचा. छापील शाईला काही होत नव्हतं. गणपती शाबूत, श्रीकृपेकरून शाबूत, चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी शाबूत. मधली मराठी तेवढी गेलेली. साठ-सत्तर कार्डं अशी काढल्यावर सर म्हणाले, "राहू द्या बाई. आता आपण मेलेल्याला छळू लालो."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला निम्मे तरी शब्द पाठ असतील. बसून लिहून काढा."

"मी साक्षीदार नाही. मी लिहिणारा. मीच सांगायचं आणि मीच लिहायचं, तर मग कोश काय वाईट होते?"

मला इतका राग आला की मी चप्पल घालून निघाले. कसला कायदा आणि कोणासाठी? जिन्यात थांबले आणि परत वर गेले, कारण राग त्यांच्यावर नव्हता.

त्यानंतर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नव्या पत्रिका, नवी कार्डं. छत्री घेऊन जुन्या साक्षीदारांच्या दारी. गणपतराव वारले होते. सुनेनं विचार करून सांगितलं, "सेकंड क्रॉप म्हणतात बहुतेक." विसावा सांगणाऱ्या काकांना पुण्याला पत्र घातलं, ते परत आलं. जे हयात होते त्यातल्या काहींना सर आठवत नव्हते, काहींना शब्द. एका घरी आजी पलंगावर होती, सरांनी अर्धा तास वस्तू समजावून सांगितली आणि नातवंडं टीव्हीचा आवाज मोठा करत गेली. पहिल्या खेपेला लोक शब्द लगेच देत, कारण तो त्यांच्या तोंडात असे. आता त्यांना आठवून द्यावा लागत होता. वर्षभरात पन्नास कार्डंही भरली नाहीत.

मग मुलीनं त्यांना नांदेडला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी ते अंबरपेठेला माझ्याकडे आले, बरोबर एकच डबा. चहा झाल्यावर मी न राहवून बोलले. "सर, पद्मानं मला विचारलं होतं, मागं काय आहे म्हणून. मी नीट सांगितलं नाही."

"माहीत आहे. तिनंच बोलता बोलता सांगितलं."

"मग तुम्ही इतके दिवस..."

"मराठीला अडचणीत तर मीच बसवलं होतं बाई. तुम्ही काय केलं?" ते असं म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला आजही ठरवता येत नाही. मी स्वतःला केलेलं नाही.

मग त्यांनी डब्यातून कार्डं काढली. म्हणाले, तुम्ही काही ठिकाणी हजर होतात, तुमची साक्ष चालेल. खोडवा मी दिला. भोचक दिला, विसावा दिला. सह्या केल्या. शेवटी त्यांनी एक कार्ड ठेवलं, कोऱ्या बाजूवर 'किसिंग क्रस्ट'. मागं त्यांनी आधीच लिहून आणलं होतं, 'कै. गयाबाई'. नावाच्या वर बोटभर जागा मोकळी होती.

"दोन भाकरी आराला लावल्या," सर म्हणाले, "आन् एकमेकीला टेकल्या."

मी आठवत बसले. मला चूल दिसली, आईचा हात दिसला. तो मऊ तुकडा तोडून ती कोणाला द्यायची तेही दिसलं, कारण ती तो मलाच द्यायची. त्याची चव तोंडात आली. शब्द आला नाही.

"तुम्ही आतच होता त्या दिवशी."

"होते सर."

"माझ्या मनात दोन आहेत. एक तुमच्या आईचा असेल, दुसरा मीच नंतर कधी जुळवलेला. आता कुठला कोणाचा ते कळेनासं झालंय."

"दोन्ही सांगा. मी ऐकल्यावर ओळखीन."

त्यांनी मान हलवली. "सुचवलं की साक्ष बाटली." मी हात जोडले, तरी त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काचीगुडा स्टेशनवर त्यांना पोचवायला गेले. मुलगी सामान लावत होती, सर खिडकीशी बसले होते, शर्ट पुन्हा पँटीच्या बाहेर. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी गजांतून ते कार्ड माझ्या हातात दिलं. "आठवला तर लिहा. नाही आठवला तर कोरं राहू द्या. भलतं काही लिहू नका." मी बरं म्हटलं. गाडी हलली, आणि त्यांनी सवयीनं खिशाला हात लावला, दुसरं कार्ड असल्यासारखा. खिशात चष्म्याचं घर तेवढं होतं.

पुढच्या वर्षी नांदेडहून मुलीचं पत्र आलं. ते दोन शब्द सरांबरोबर गेले.

कार्ड माझ्याकडे आहे. कोरंच आहे. गॅसवर भाकरी करताना मी कधी कधी दोन भाकरी मुद्दाम एकमेकींना टेकवते, पण गॅसला आर नसतो, नुसती आच असते आणि तसली कड काही राहत नाही. गावाकडच्या घरी आई रोज संध्याकाळी चुलीपुढून हाक मारायची, तुकडा माझ्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "घे." त्या 'घे'च्या पुढे एक शब्द असायचा. मी तो रोज ऐकायची.